साहेब वयानं लहान, सेवेत नवा. मग तो ‘वरिष्ठ’ कसा?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा. एका संस्थेच्या सेवानियमांचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर चाललंय. मूळ मजकुरात ‘सुपीरियर’ हा शब्द एकोणीस ठिकाणी आहे आणि भाषांतर करणाऱ्यानं एकोणीसच्या एकोणीस ठिकाणी ‘वरिष्ठ’ घातलं. मसुदा फिरवल्यावर भांडारातले एक जुने कर्मचारी अडून बसले. “माझा साहेब माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याला इथे चार वर्षं झाली, मला सव्वीस. तो माझा वरिष्ठ कसा? वरिष्ठ मी!” तेव्हा या ‘सुपीरियर’चा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, आणि मराठीत काय लिहायचं?

मी कायद्याची आणि कचेरीची कागदपत्रं भाषांतरित करण्यात आयुष्याची तीसेक वर्षं घालवली आहेत, म्हणून लांबलचक उत्तर देतोय. भांडारातल्या काकांना हसू नका. त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय.

आधी शब्दाच्या मुळाशी जाऊ. लॅटिनमध्ये ‘सुपर’ म्हणजे वर. त्यावरून ‘सुपेरुस’ म्हणजे वरचा, ‘सुपेरिओर’ म्हणजे दोघांतला अधिक वरचा आणि ‘सुप्रेमुस’ म्हणजे सगळ्यांत वरचा. मधलं रूप जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजीत आलं आणि ‘सुपीरियर’ झालं. शेवटच्यातून ‘सुप्रीम’ आलं, ज्याचं आपण ‘सर्वोच्च’ केलं आणि छान केलं. म्हणजे मुळात हा जागेचा शब्द आहे. खालच्या फळीवर पोळ्यांचा डबा आणि वरच्या फळीवर पिठाचा डबा असेल, तर लॅटिनच्या हिशेबानं पिठाचा डबा ‘सुपीरियर’. त्यात पिठाचं काही कर्तृत्व नाही.

गंमत म्हणजे हा ‘सुपर’ आपल्या घरातलाच आहे. संस्कृतात ‘उपरि’, ग्रीकमध्ये ‘हुपेर’ (ज्याचा इंग्रजीत ‘हायपर’ झाला), जर्मनमध्ये ‘उबर’, इंग्रजीचा स्वतःचा ‘ओव्हर’ आणि लॅटिनचा ‘सुपर’ ही सगळी एकाच आजोबांची नातवंडं. ‘उपरि’चं प्राकृतात ‘उवरि’ झालं, जुन्या मराठीत ‘वरी’ आणि आज आपण म्हणतो ते ‘वर’. टेबलावर, डोक्यावर, वरचा मजला, वरकमाई या सगळ्यांतला ‘वर’ आणि ‘सुपीरियर’मधला ‘सुपर’ चुलतभाऊ आहेत. फारसीतही हे घराणं नांदतं. तिथला ‘बर’ म्हणजे ‘वर’ हा त्याच मुळातून आला. ‘बरखास्त’ म्हणजे शब्दशः वर उठलेला. सभा बरखास्त होते तेव्हा माणसं उठतात, ते हेच. आणि ‘बर-तरफ’, म्हणजे बाजूवर, बाजूला काढलेला, याचं मराठीत ‘बडतर्फ’ झालं. तेव्हा सुपीरियर जेव्हा हाताखालच्या माणसाला बडतर्फ करतो, तेव्हा सही करणाऱ्याच्या पदनामात आणि आदेशाच्या मथळ्यात एकच मूळ शब्द असतो. हे कुणा बडतर्फ माणसाला सांगायला जाऊ नका.

आता साहजिकच वाटेल की ‘वरिष्ठ’मध्येही हाच ‘वर’ आहे. मलाही नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत असंच वाटायचं. पण ‘वरिष्ठ’चं कूळ वेगळं. संस्कृतात ‘उरु’ म्हणजे रुंद, विस्तीर्ण. पाणिनीय व्याकरणाप्रमाणे त्याचं सर्वांत वरच्या पायरीचं रूप ‘वरिष्ठ’. शिवाय ‘वृ’ म्हणजे निवडणे, त्यावरून ‘वर’ म्हणजे निवडण्याजोगा, उत्तम (लग्नातला वर आणि देवाचा वर हे त्याच घरचे), आणि त्याही अर्थानं वरिष्ठ म्हणजे सर्वोत्तम. मारुतीच्या श्लोकात आपण लहानपणापासून ‘बुद्धिमतां वरिष्ठम्’ म्हणत आलो. तिथे मारुतीराया बुद्धिमान लोकांच्या खात्याचा प्रमुख नाही, बुद्धिमंतांत तो सगळ्यांत सरस आहे. म्हणजे संस्कृतातला वरिष्ठ गुणाचा, लॅटिनमधला सुपीरियर जागेचा, आणि आपण कचेरीत एकाच्या खुर्चीत दुसऱ्याला बसवलं. रूढ झालं, चालू लागलं, आता उठवता येणार नाही. पण काकांचा जो घोळ झाला त्याचं एक कारण इथं आहे.

दुसरं कारण जास्त व्यावहारिक आहे. मराठी कचेरीत ‘वरिष्ठ’ हा शब्द तीन इंग्रजी शब्दांचा भार वाहतो. वरिष्ठ लिपिक, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, वरिष्ठ महाविद्यालय, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर, इथे तो ‘सीनियर’ आहे. विधान परिषदेला वरिष्ठ सभागृह म्हणतो तेव्हा तो ‘अपर’ आहे. आणि ‘वरिष्ठांच्या परवानगीशिवाय मुख्यालय सोडू नये’ म्हणतो तेव्हा तो ‘सुपीरियर’ आहे. त्यात पुन्हा ‘सीनियर’साठी ‘ज्येष्ठ’ही आहेच: ज्येष्ठ नागरिक, ज्येष्ठ विधिज्ञ, सेवाज्येष्ठता. काकांच्या डोक्यात ‘वरिष्ठ’ म्हणजे ‘सीनियर’ असं पक्कं बसलंय, कारण त्यांच्या पगारपत्रकावर कधीकाळी ‘वरिष्ठ भांडारपाल’ छापलेलं असणार. त्यांच्या बाजूनं ते बरोबर बोलतायत.

‘सीनियर’ आणि ‘सुपीरियर’ यांतला फरक इंग्रजीत लख्ख आहे. ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा, त्यावरून ‘सीनियर’ म्हणजे दोघांतला अधिक म्हातारा. आपल्या वेदांतल्या संस्कृतात ‘सन’ म्हणजे जुना हा त्याचाच भाऊ, आणि ‘सनातन’ त्या घरातला. तेव्हा सीनियर काळानं मोजला जातो, सुपीरियर पायरीनं. काका सीनियर आहेत. साहेब सुपीरियर आहे. दोघांचंही खरं आहे.

दोन्हींतला शेवटचा ‘इओर’ हा तुलनेचा प्रत्यय, आणि संस्कृतातला ‘ईयस्’ तोच. कनीयस्, गरीयस्, श्रेयस्. मराठीनं ही तुलनेची रूपं बहुतेक टाकून दिली आणि ‘इष्ठ’वाली तेवढी ठेवली: कनिष्ठ, श्रेष्ठ, ज्येष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ. संस्कृतात ‘कनिष्ठ’ म्हणजे सगळ्यांत धाकटा. आपण मात्र दोन लिपिकांत एकाला कनिष्ठ म्हणतो. हाताच्या करंगळीला ‘कनिष्ठिका’ म्हणतात, तिथे तो अर्थ अजून शाबूत आहे. बाकी ‘ज्येष्ठ’बद्दल पाणिनीची एक मजेशीर सोय आहे. लागोपाठच्या सूत्रांत तो सांगतो की ‘प्रशस्य’, म्हणजे प्रशंसेला पात्र, याच्या जागी ‘श्र’ येतो, म्हणून श्रेष्ठ, ‘ज्य’ही येतो, म्हणून ज्येष्ठ, आणि ‘वृद्ध’च्या जागीही ‘ज्य’ येतो, म्हणून पुन्हा ज्येष्ठ. म्हणजे एकाच ज्येष्ठात वयही आणि लायकीही. वय आणि मोठेपणा यांची सरमिसळ काही आपल्या कचेऱ्यांनी सुरू केलेली नाही, ती अडीच हजार वर्षांची आहे.

युरोपातही ती झालीच. ‘सीनियर’च्याच पोटी फ्रेंच ‘सेन्यर’, स्पॅनिश ‘सेन्योर’, पोर्तुगीज ‘सिन्योर’ आले, आणि झिजत झिजत इंग्रजी ‘सर’. आपण मास्तरांना ‘सर’ म्हणतो ते मुळात ‘वडीलधारे’ असंच म्हणतो. पण सरपंच, सरदार, सरन्यायाधीश, सरचिटणीस, सरनोबत यांतला ‘सर’ पूर्ण निराळा. तो फारसी ‘सर’, म्हणजे डोकं, संस्कृत ‘शिरस्’चा नातलग. ग्रामसभेत कुणी सरपंचांना ‘सर’ म्हणालं की एका खुर्चीवर दोन सर बसतात, एक म्हातारा आणि एक डोकं. ‘मेजर’ची गोष्टही अशीच: लॅटिन ‘मायोर’ म्हणजे अधिक मोठा, त्यावरून सैन्यातला मेजर आणि शहराचा ‘मेयर’. सावरकरांनी मेयरला ‘महापौर’ केलं तेव्हा तो जुना मोठेपणा ‘महा’च्या रूपानं आपसूक परत आला.

आता काकांच्या मुद्द्याकडे. काळ आणि पायरी यांची फारकत झाली की काय होतं याचं देशातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण 1973 सालचं. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेनं जायचं. त्या वर्षी एप्रिलमध्ये न्या. शेलट, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर या तिघांना मागे ठेवून न्या. अजितनाथ रे यांची नेमणूक झाली आणि तिघांनीही राजीनामे दिले. 1977 साली न्या. खन्ना यांच्या बाबतीत तेच घडलं. इंग्रजीत याला ‘सुपरसेशन’ म्हणतात, ‘सुपर’ अधिक ‘सेदेरे’ म्हणजे बसणे. एकाच्या वर दुसऱ्यानं बसणं. मराठीत आपण ‘ज्येष्ठता डावलून’ म्हणतो. मला आपला शब्द जास्त आवडतो, कारण इंग्रजी शब्दात बसणारा दिसतो, मराठीत ज्याला बाजूला सारलं तो दिसतो.

एक बारकावा मात्र काकांना जरूर सांगा. सेवाज्येष्ठता एकाच संवर्गात, म्हणजे एकाच प्रकारच्या पदांच्या गटात, मोजतात. साहेब सरळसेवेनं वरच्या पदावर आला असेल तर तो काकांच्या ज्येष्ठता यादीत नाहीच. त्याच्या चार वर्षांची काकांच्या सव्वीस वर्षांशी तुलना नियमांच्या दृष्टीनं होतच नाही. सीनियर सोबतीच्यांत असतो, सुपीरियर वेगळ्या पायरीवर.

मी स्वतः यात एकदा चांगलाच पोळलोय. एका कारखान्यातली खातेअंतर्गत चौकशी होती. आरोपपत्राचं मराठी माझ्याकडे आलं. आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यांसाठीच्या सरकारी नमुना-नियमांत, गैरवर्तनाच्या यादीत पहिलंच कलम होतं, त्याचा आशय असा की सुपीरियरच्या कायदेशीर आणि वाजवी आदेशाचा, एकट्यानं किंवा इतरांच्या संगतीनं, हेतुपुरस्सर भंग करणे. मी त्या दिवशी घाईत होतो. वरती दोन ओळींवर ‘वरिष्ठ’ येऊन गेला होता, पुनरुक्ती नको म्हणून मी इथे ‘ज्येष्ठ अधिकारी’ लिहिलं. शाळेत निबंध लिहिताना लागलेली खोड, एकच शब्द दोनदा आला की जीव कासावीस होतो. चौकशीत कामगार प्रतिनिधीनं ती ओळ उचलली. आदेश देणारा मुकादम. आरोपी फिटर त्याच्याहून नऊ वर्षं जुना. “ज्येष्ठ कोण?” तो म्हणाला, “आणि मुकादम अधिकारी कधीपासून झाला?” दोन्ही प्रश्न बिनतोड. चौकशी अधिकाऱ्यांनी शेवटी इंग्रजी मजकूर प्रमाण मानला, पण दोन बैठका वाया गेल्या आणि माझं बिल बरेच महिने अडकलं. तेव्हापासून एक शब्द एका कागदात मी दहा वेळा आला तरी बदलत नाही.

दुसरा प्रश्न, ‘अधिकारी’चा, अजून महत्त्वाचा. ‘सुपीरियर ऑफिसर’ दिसलं की हात आपोआप ‘वरिष्ठ अधिकारी’ लिहितो. पण 1950 सालच्या सेना अधिनियमात ‘सुपीरियर ऑफिसर’च्या व्याख्येत ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरपासून नॉन-कमिशन्ड ऑफिसरपर्यंत सगळे येतात. म्हणजे शिपायाला नाईक आणि हवालदारही ‘सुपीरियर ऑफिसर’. त्याच कायद्यात 40 व्या कलमात सुपीरियर ऑफिसरवर हात टाकणं आणि 41 व्या कलमात त्याचा आदेश मोडणं हे गुन्हे आहेत. साताऱ्याकडच्या एखाद्या शिपायाच्या घरी पत्र जातं, ‘वरिष्ठ अधिकाऱ्यावर हात उचलला’, आणि घरच्यांना वाटतं पोरानं कर्नलला मारलं. प्रत्यक्षात बराकीत नाईकाशी झटापट झालेली असते. गुन्हा तोच, पण चित्र वेगळं. अशा वेळी मी ‘अधिकारपदानं वरचा’ असं लिहितो आणि कंसात हुद्दा देतो. दिसायला जड, पण चुकत नाही.

कायद्यात या शब्दामागे जबाबदारी उभी असते, म्हणून इतका काथ्याकूट. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या 76 व्या कलमाखालचं पहिलं उदाहरण असं होतं: कायद्याच्या आज्ञेला धरून, आपल्या सुपीरियर ऑफिसरच्या हुकमावरून एक सैनिक जमावावर गोळी झाडतो, त्यानं गुन्हा केला नाही. भारतीय न्याय संहितेत हेच आता 14 व्या कलमात आहे. यातलं ‘कायद्याच्या आज्ञेला धरून’ हे शेपूट गाळलं की अर्थ उलटा होतो. न्यूरेंबर्गच्या खटल्यांत अनेक नाझी आरोपींनी ‘वरून हुकूम होता’ असा बचाव केला आणि तो तेवढ्यावर टिकला नाही. आणि याच नाण्याची दुसरी बाजू म्हणजे लॅटिन वचन ‘रेस्पाँदेआत सुपेरिओर’: वरच्यानं उत्तर द्यावं. ड्रायव्हरनं कामावर असताना गाडी ठोकली तर भरपाई मालकाकडून. इथे ‘सुपीरियर’ म्हणजे धनी. ‘वरिष्ठ’ लिहिलंत तर वाचणारा डेपो मॅनेजरच्या मागे लागेल.

वरच्यांच्या पदनामांत मला एक गोष्ट नेहमी दिसते: डोळा. ‘सुपरवायझर’ म्हणजे वरून बघणारा. तेच लॅटिन शब्द फ्रेंचमध्ये झिजून आले तो ‘सर्व्हेअर’. तेच इंग्रजी मातीतल्या शब्दांत केलं तो ‘ओव्हरसियर’. तेच ग्रीकमध्ये ‘एपिस्कोपोस’, ज्यातून ‘बिशप’ आला. आपल्याकडे ‘अधि’ अधिक ‘ईक्षक’ म्हणजे अधीक्षक, ‘अधि’ अधिक ‘अक्ष’, म्हणजे डोळा, म्हणून अध्यक्ष. ‘वरचष्मा’तही फारसी ‘चष्म’ म्हणजे डोळाच आहे. रस्त्याच्या कामावरचा ओव्हरसियर, मोजणी खात्याचा सर्व्हेअर, गोव्याचा बिशप आणि सहकारी सोसायटीचा अध्यक्ष यांचं पदनाम मुळात एकच. फक्त काय बघायचं ते वेगळं. पोलिसांतला ‘सुपरिंटेंडंट’ म्हणजे वरून लक्ष ठेवणारा, त्याला ‘अधीक्षक’ करणाऱ्यानं इतकं नेमकं काम केलंय की मला त्याचा हेवा वाटतो.

चर्चमध्ये ‘सुपीरियर’ हे रीतसर पद आहे. इग्नेशियस लोयोला 1541 साली येशू संघाचे पहिले सुपीरियर जनरल निवडले गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर गोव्याला उतरले. जोगिणींच्या मठात ‘मदर सुपीरियर’ असते, काही पंथांत तिला ‘प्रायोरेस’ म्हणतात, आणि ‘प्रायर’ हाही तुलनेचाच शब्द: दोघांतला आधीचा. मदर सुपीरियरचं मराठी करू नका. ‘वरिष्ठ माता’ असं मी एकदा छापलेलं पाहिलंय. वाचताना घरातली थोरली सासू डोळ्यांसमोर आली.

इंग्रजांच्या काळात हा शब्द इथे माणसांच्या वर्गवारीसाठीही वापरला गेला. 1923 साली नेमलेल्या ली आयोगाच्या नावातच ‘सुपीरियर सिव्हिल सर्व्हिसेस’ होतं, आणि नोकरीच्या नियमांत शिपाई-हमालांची सेवा ‘इन्फिरियर’ म्हणून नोंदली जायची. मूळ अर्थानं ती फक्त ‘खालची’, पण ऐकणाऱ्याला ‘हलकी’च ऐकू येणार. पुढे ‘इन्फिरियर’ गेलं, चतुर्थ श्रेणी आलं, आता गट ड आहे. एक अक्षर राहिलं, पण अपमान नाही.

या ‘इन्फिरियर’वरून आमच्या सोसायटीतला प्रसंग सांगतो. तळमजल्यावरचे आजोबा ईसीजीचा अहवाल घेऊन वर आले. त्यावर ‘इन्फिरियर वॉल’ असं काहीतरी होतं. हात थरथरत होता. म्हणाले, “अहो, माझ्या हृदयाची भिंत हलक्या प्रतीची आहे म्हणे. पहिल्यापासूनच असेल का?” मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की इन्फिरियर म्हणजे खालची. हृदयाची जी बाजू पोटाकडच्या पडद्यावर टेकलेली असते ती. पुढचं डॉक्टरांना विचारा, पण भिंतीच्या प्रतीबद्दल त्यात काहीच नाही. शरीरशास्त्रात हे दोन्ही शब्द अजून मूळ जागेच्या अर्थानंच वापरतात. वरची मोठी शीर ‘सुपीरियर व्हेना केव्हा’, खालची ‘इन्फिरियर’. मराठीत ऊर्ध्व महाशिरा आणि अधोमहाशिरा. आणि इथे आपल्या परिभाषाकारांनी न कळत मूळ गाठलंय, कारण ‘इन्फिरियर’चं लॅटिन मूळ आणि संस्कृत ‘अधर’ सख्खी भावंडं आहेत. ‘अधर’ म्हणजे मुळात खालचा ओठ, इन्फिरियर ओठ. कवींना कळलं तर हळहळतील.

वनस्पतिशास्त्रातही तसंच. ‘सुपीरियर ओव्हरी’ म्हणजे ऊर्ध्वस्थ अंडाशय, फुलाच्या बाकी भागांच्या वर बसलेला. पुस्तक उघडायची गरज नाही, स्वयंपाकघरात जा. वांगं हातात घ्या. हिरवी टोपी देठाकडे आहे ना? ती फुलाच्या निदलांची. म्हणजे फळ त्यांच्या वर धरलं, अंडाशय सुपीरियर. आता पेरू घ्या. सुकलेला मुकुट देठाच्या विरुद्ध टोकाला आहे. फळ निदलांच्या खाली धरलं, अंडाशय इन्फिरियर. चवीच्या बाबतीत निकाल उलटा लागेल, निदान माझ्या घरी.

अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं सुपीरियर सरोवर याच हिशेबातलं. फ्रेंचांनी त्याला ‘लाक सुपेरिअर’ म्हटलं ते ह्युरॉन सरोवराच्या वरचं म्हणून. आजही त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 183 मीटर, ह्युरॉनची 176. मधल्या सात मीटरांसाठी जहाजांना पाण्याच्या दारांतून चढ-उतार करावी लागते. योगायोगानं ते महाराष्ट्राच्या चौथ्या भागाहून मोठं, पृष्ठफळानं जगातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर आहे, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की नाव त्या थोरवीचं. तिथल्या ओजिब्वे लोकांनी मात्र मोठेपणावरूनच नाव दिलं होतं: गिचिगामी, महासागर.

आणि ग्रहांचं. मंगळ, गुरू, शनी हे इंग्रजीत ‘सुपीरियर प्लॅनेट्स’, बुध-शुक्र ‘इन्फिरियर’. पृथ्वी मध्यभागी मानत तेव्हा सूर्याच्या वरचे आणि खालचे अशी ती विभागणी होती. तो समज कधीच गेला, शब्द तसाच राहिला. आपण बहिर्ग्रह आणि अंतर्ग्रह केलं, हे मुळापेक्षा सरळ.

मग ‘चांगला, उत्तम’ हा अर्थ कुठून आला? जे वर ते चांगलं, ही माणसाची जुनी सवय. मराठीतही आहे: उंची अत्तर, उंची कापड. पण मराठीकडे आणखी एक माप आहे, हाताचं. ‘हा त्याच्यापेक्षा उजवा’ म्हणजे सुपीरियर, डावा म्हणजे इन्फिरियर. शिवाय सरस आहे, वरचढ आहे. दोन खेळाडू, दोन आंबे, दोन वकील यांची तुलना असेल तर हे वापरा. ‘वरिष्ठ’ किंवा ‘श्रेष्ठ’ तिथे फेटा बांधून भाजी आणायला गेल्यासारखे दिसतात. आणि कुणी ‘फार सुपीरियर वागतो’ असं असेल तर त्याला ‘तोरा’ हाच शब्द. लॉर्ड कर्झन ऑक्सफर्डला शिकत होता तेव्हाच पोरांनी त्याच्यावर यमक जुळवलं होतं की मी म्हणजे अत्यंत सुपीरियर माणूस. व्हाइसरॉय झाल्यावरही ते त्याच्या पाठीमागे आलं. व्याकरणानं सुपीरियरच्या आधी ‘मोस्ट’ लागतच नाही, त्यामुळे चिमटा दुहेरी.

आता तुमच्या एकोणीस जागा. नियमांच्या सुरुवातीला व्याख्यांत एक ओळ घाला: ‘वरिष्ठ’ म्हणजे ज्या व्यक्तीच्या पर्यवेक्षणाखाली किंवा आदेशाखाली कर्मचारी त्या वेळी काम करत असेल ती व्यक्ती, मग तिचे वय किंवा सेवेचा कालावधी काहीही असो. एवढ्यानं काकांचा आक्षेप निकालात निघतो आणि ‘वरिष्ठ’ रूढ शब्द म्हणून राहतो. ‘इमिजिएट सुपीरियर’ला ‘लगतचा वरिष्ठ’ करा. ‘तात्काळ वरिष्ठ’ मी दोन ठिकाणी पाहिलंय, तो फक्त घाईत असलेला साहेब वाटतो. गोपनीय अहवालाच्या कलमात ‘प्रतिवेदन अधिकारी’ आणि ‘पुनर्विलोकन अधिकारी’ हे ठरलेले शब्द वापरा, तिथे ‘वरिष्ठ’ लागतच नाही. बढतीच्या प्रकरणात ‘सीनियॉरिटी’ आली की ‘ज्येष्ठता’, फक्त ज्येष्ठता. ‘सुपरअॅन्युएशन’ दिसलं तर गोंधळू नका, त्यात कुणी कुणाच्या वर नाही, वर्षं मर्यादेच्या वर गेली एवढंच. त्याला ‘नियत वयोमान’.

आणि गणवेशाच्या कलमात तुम्ही ‘वरिष्ठ दर्जाचे कापड’ लिहिलंय, ते आधी खोडा. ‘चांगल्या प्रतीचे’ करा, आणि भांडारातल्या काकांना विचारून त्यापुढे कापडाचा प्रकार लिहून घ्या. खरेदी तेच बघतात.